क्रीडारंजनातील देहाकार : शरीरभारविषयक साचे आणि भेदभाव
(व्यावसायिक कुस्तीच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात एखादा मल्ल उतरतो तेव्हा निवेदक त्याच्याविषयी सर्वसाधारणपणे तीन गोष्टी जाहीर करतो : त्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याचे वजन. स्त्री मल्ल उतरते तेव्हा नाव आणि गाव सांगितले जाते. वजन बहुधा सांगितले जात नाही. एकाच रिंगणातील हा दुहेरी शिष्टाचार पुष्कळ काही सांगून जातो. पुरुषाचे वजन ही मिरवण्याची बाब ठरते, स्त्रीचे वजन ही झाकण्याची. मात्र पुरुषाच्या बाबतीतही आकडा मिरवला जातो म्हणून देहाला मान मिळतोच असे नाही. ज्या देहाचे वजन अभिमानाने जाहीर झाले, त्याच देहाची थोड्याच वेळात समालोचकाकडून थट्टा सुरू होते, हा अनुभव या प्रकाराच्या प्रेक्षकाला नवा नाही.

अमेरिकेत या प्रकाराला ‘स्पोर्ट्स एंटरटेनमेंट’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘क्रीडारंजन’ हा शब्द वापरता येईल. खेळाचे रूप आणि नाटकाचा आत्मा असलेला हा व्यवसाय आहे. निकाल आधी ठरलेला असतो, परंतु आपटणे, पडणे आणि दुखापत होणे हे खरे असते. अशा व्यवसायात देह हेच भांडवल, देह हाच वेश आणि देह हाच संवाद असतो. म्हणूनच समाजात स्थूल देहाविषयी असलेले समज, पूर्वग्रह आणि तिरस्कार येथे अत्यंत ठळकपणे पाहावयास मिळतात.

अभ्यासाची उद्दिष्टे :

प्रस्तुत लेखात पुढील उद्दिष्टे समोर ठेवली आहेत.
१. क्रीडारंजनात स्थूल देहाला कोणत्या ठरावीक भूमिका दिल्या जातात हे स्पष्ट करणे.
२. या भूमिकांवर वंश आणि लिंगभाव यांचा कसा परिणाम होतो हे पाहणे.
३. या साच्यांची किंमत प्रत्यक्ष मल्लांना कशा प्रकारे मोजावी लागते याची चर्चा करणे.

अभ्यासाची व्याप्ती मुख्यतः १९८० नंतरच्या अमेरिकन व्यावसायिक कुस्तीपुरती, विशेषतः वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन आणि २००२ पासून वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेपुरती मर्यादित आहे. ब्रिटन, जपान आणि भारत यांचा विचार तुलनेसाठी केला आहे. विवेचन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने केले आहे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण :

‘साचा’ म्हणजे एखाद्या समूहातील सर्व व्यक्तींना सरसकट चिकटवलेले गुणविशेष. स्थूल व्यक्ती आळशी असते, तिला जिभेवर ताबा नसतो, ती विनोदी असते, ती प्रेमास पात्र नसते, हे शरीरभाराविषयीचे नेहमीचे साचे होत. या साच्यांच्या आधारे व्यक्तीला संधी, मान किंवा मोबदला कमी देणे म्हणजे भेदभाव. साचा मनात असतो, भेदभाव व्यवहारात उतरतो.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टिग्मा’ या ग्रंथात कलंकाची संकल्पना मांडली. ज्या वैशिष्ट्यामुळे व्यक्तीची इतर सर्व ओळख पुसली जाते आणि ती समाजाच्या दृष्टीने उणी ठरते, ते वैशिष्ट्य म्हणजे कलंक. काही कलंक लपवता येतात. देहाचा आकार लपवता येत नाही. स्थूल व्यक्तीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते : तिच्या देहाचा दोष तिच्या चारित्र्यावर ढकलला जातो. उंची दैवाने मिळते, पण वजन ज्याचे त्याने कमावलेले असते, असे मानले जाते. त्यामुळे वजनावरून केलेली थट्टा लोकांना अन्याय वाटत नाही. ती शिस्तीची शिकवण वाटते.

दूरचित्रवाणीवरील चित्रणाविषयी ब्रॅडली ग्रीनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकन मालिकांतील एक हजाराहून अधिक प्रमुख पात्रांची पाहणी होती. त्यांपैकी स्त्री पात्रांत १४ टक्के आणि पुरुष पात्रांत २४ टक्के पात्रे जादा वजनाची होती. प्रत्यक्ष लोकसंख्येतील प्रमाणाच्या निम्म्याहूनही हा आकडा कमी होता. मालिकांमध्ये स्थूल देहाची उणीव जाणवते. क्रीडारंजनात मात्र ही उणीव नाही; येथे स्थूल देहाला हमखास मागणी असते. प्रश्न प्रवेशाचा नसून प्रवेशानंतर काय करावयास लावले जाते याचा आहे. भेदभाव म्हणजे दार बंद करणे एवढाच अर्थ धरला तर क्रीडारंजनातील भेदभाव दिसणारच नाही.

क्रीडा ते रंजन :

व्यावसायिक कुस्ती पूर्वी खरी स्पर्धा म्हणून सादर केली जात असे. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने ही कुस्ती मुख्यतः करमणुकीसाठी असल्याचे उघडपणे मान्य केले. राज्याच्या क्रीडा नियंत्रणातून व करातून सुटका मिळवणे हा त्यामागील हेतू होता. या कबुलीचा देहाकाराच्या दृष्टीने मोठा अर्थ आहे. खऱ्या स्पर्धेत देहाची कसोटी कामगिरी असते. करमणुकीत देहाची कसोटी त्याचे दिसणे असते.

याच काळात या संस्थेत दोन प्रकारचे मोठे देह शेजारी शेजारी उभे होते. एक घोटीव स्नायूंचा, तेल चोपडलेला, नायकाचा देह. दुसरा मेदाने वाढलेला, खलनायकाचा किंवा विदूषकाचा देह. पहिला देह आरोग्याचे प्रतीक मानला गेला. वास्तविक त्याच्या घडणीत स्टेरॉइड द्रव्यांचा वाटा किती होता हे पुढे न्यायालयात उघड झाले. १९९४ च्या खटल्यात संस्थाप्रमुख व्हिन्स मॅकमहन निर्दोष सुटले, तथापि हल्क होगन यांनी आपण स्टेरॉइड घेत होतो हे साक्षीत मान्य केले. दोन्ही देह आरोग्याच्या दृष्टीने धोक्याचे होते. त्यांपैकी एकच देह लज्जेचा ठरला.

स्थूल देहाच्या ठरावीक भूमिका :

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथात कुस्तीवर लिहिलेला निबंध या विषयाच्या अभ्यासकांना परिचित आहे. पॅरिसमधील एका पन्नाशीच्या, स्थूल व सैल देहाच्या मल्लाचे उदाहरण देऊन बार्थ दाखवतात की प्रेक्षकाला कथा समजण्यासाठी कुस्ती सुरू होण्याची गरजच नसते. मल्लाचा देह पाहताच तो नीच आहे हे प्रेक्षक ठरवून टाकतो. मेद हाच दुर्गुणाचा पुरावा होतो. बार्थ यांचे हे निरीक्षण क्रीडारंजनातील साच्यांची किल्ली आहे. त्याच्या आधारे स्थूल देहाच्या तीन प्रमुख भूमिका सांगता येतात.

(अ) राक्षस : येथे वजन म्हणजे आपत्ती. मल्लांची नावेच पाहावीत. जॉन टेंटा यांना ‘अर्थक्वेक’ म्हणजे भूकंप आणि त्यांच्या जोडीदाराला ‘टायफून’ म्हणजे चक्रीवादळ ही नावे मिळाली. दोघांची जोडी ‘नॅचरल डिझास्टर्स’, म्हणजे नैसर्गिक आपत्ती, म्हणून ओळखली गेली. टेंटा हे जपानमध्ये सुमो शिकून आलेले कसलेले मल्ल होते. परंतु नावातून कसब नाहीसे होते आणि केवळ वस्तुमान उरते. भूकंपाला कौशल्य नसते. राक्षसाची भूमिका वरवर मानाची वाटते. पण राक्षस हा शेवटी नायकाने उचलून आपटण्यासाठीच उभा केलेला असतो. २९ मार्च १९८७ रोजी झालेल्या तिसऱ्या ‘रेसलमेनिया’त हल्क होगन यांनी आंद्रे द जायंट यांना उचलून आपटले. हे दृश्य या व्यवसायाच्या इतिहासातील सर्वांत गाजलेले दृश्य मानले जाते. आंद्रे यांची उंची ७ फूट ४ इंच आणि वजन ५२० पौंड, म्हणजे सुमारे २३६ किलो, जाहीर केले जात असे. त्यांचा देह हा अ‍ॅक्रोमेगली या ग्रंथिविकाराचा परिणाम होता. ज्या आजाराने त्यांना मोठे केले त्याच आजाराने त्यांचे सांधे व हृदय खिळखिळे केले. २८ जानेवारी १९९३ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

(आ) विदूषक : येथे वजन म्हणजे विनोद. १९९३ मध्ये ‘बॅस्टियन बूगर’ या नावाचे एक पात्र आणले गेले. खादाडपणा आणि गलिच्छपणा हेच त्याचे संपूर्ण चरित्र होते. अशा पात्राला भूतकाळ नसतो, ध्येय नसते, नाती नसतात. असते फक्त पोट. प्रेक्षकाने हसावे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

(इ) लोभसवाणा गडी : येथे वजन म्हणजे भोळेपणा. तो मुलांचा लाडका असतो, नाचतो, हसवतो. परंतु अजिंक्यपदाच्या कथेत त्याला क्वचितच स्थान मिळते. ही भूमिका पहिल्या दोहोंपेक्षा सौम्य आहे, म्हणूनच तिच्यातील मर्यादा सहजी लक्षात येत नाही.

या तिन्ही भूमिकांत एक गोष्ट समान आहे. देह हे मल्लाचे एक वैशिष्ट्य न राहता त्याचे एकमेव वैशिष्ट्य होते. शिवाय वय व वजन वाढले की राक्षसाचा विदूषक होतो. हा उतार बहुतेकांच्या वाट्याला येतो.

योकोझुना : एक व्यक्तिअभ्यास :

या उताराचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे ‘योकोझुना’. योकोझुना ही जपानी सुमोतील सर्वोच्च पदवी आहे. हे नाव धारण करणारे रॉडनी अनोआई हे मात्र जपानी नव्हते. ते सान फ्रान्सिस्कोत जन्मलेले, सामोअन वंशाच्या प्रसिद्ध कुस्ती घराण्यातील अमेरिकन मल्ल होते. १९९२ मध्ये त्यांना जपानी सुमोपटू म्हणून उभे करण्यात आले. हातात मिठाची मूठ, सोबत जपानी ध्वज आणि व्यवस्थापक मिस्टर फूजी असा सारा सरंजाम होता. ५०० पौंडांहून अधिक, म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या पुढे, वजन असूनही त्यांची चपळाई थक्क करणारी होती. ४ एप्रिल १९९३ रोजी नवव्या ‘रेसलमेनिया’त ब्रेट हार्ट यांना हरवून त्यांनी अजिंक्यपद मिळवले. काही मिनिटांतच ते हल्क होगन यांच्याकडून गमावले आणि त्याच वर्षी जूनमध्ये पुन्हा जिंकले.

४ जुलै १९९३ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, न्यूयॉर्क येथे ‘इंट्रेपिड’ या युद्धनौकेवर एक सोहळा घडवून आणण्यात आला. योकोझुनांना कोण उचलून आपटू शकतो, अशी ती पैज होती. एकामागून एक खेळाडू अपयशी ठरले आणि अखेर लेक्स ल्युगर या पिळदार देहाच्या मल्लाने ती जिंकली. परका, पिवळा मानला गेलेला, स्थूल देह खाली आणि देशी, गोरा, घोटीव देह वर, असे ते चित्र होते. वजनाचा साचा आणि वंशाचा साचा येथे एकमेकांत पूर्णपणे मिसळलेले दिसतात.

त्यानंतरच्या काळात त्यांचे वजन वाढतच गेले. ज्या वजनामुळे काम मिळाले ते वजन कमी करणे म्हणजे ओळख गमावणे, आणि वाढवणे म्हणजे प्राण गमावणे, अशी ही कोंडी होती. संस्थेने त्यांना वजन कमी करण्याच्या उपचारांसाठी पाठवलेही. परंतु रिंगणातील कथा त्यांच्या आकारावरच चालत राहिली. ऑगस्ट १९९६ मधील ‘समरस्लॅम’च्या वेळी स्टीव्ह ऑस्टिन यांच्याविरुद्धच्या लढतीत योकोझुना कोपऱ्यावर चढले असता वरचा दोर तुटला आणि ते कोसळले. तीन वर्षांपूर्वीचा अजिंक्यवीर आता आपल्याच भाराखाली कोसळणारे प्रहसन झाला होता. पुढे वजनाच्या कारणाने त्यांना रिंगणापासून दूर ठेवण्यात आले व १९९८ मध्ये त्यांचा संस्थेशी असलेला संबंध संपला. २३ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे, दौऱ्यावर असताना, फुफ्फुसांत पाणी साचून त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ३४ होते. २०१२ मध्ये त्यांचा संस्थेच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला.

अनोआई यांच्यासारखेच उदाहरण जेम्स हॅरिस यांचे आहे. मिसिसिपी राज्यातील या कृष्णवर्णीय मल्लाला ‘कमाला’ या नावाने युगांडातील रानटी माणूस म्हणून उभे केले गेले. अनवाणी पाय, रंगवलेले पोट आणि भाषेवाचून केवळ आरोळ्या असे ते पात्र होते. इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या माणसाला बोलण्याची परवानगी नव्हती. मोठा कृष्णवर्णीय देह म्हणजे पशुत्व, हा वसाहतकालीन समज येथे तिकीट लावून दाखवला जात होता.

स्त्री मल्ल आणि शरीरभार :

पुरुषाला राक्षस, विदूषक किंवा लोभसवाणा गडी या तीन भूमिका तरी मिळतात. स्त्रीच्या बाबतीत हे वर्तुळ आणखी आकसते. कॅनडातील कॅलगरीच्या रोंडा सिंग यांनी तरुणपणी जपानमध्ये ‘मॉन्स्टर रिपर’ या नावाने कुस्ती केली आणि १९७९ मध्ये तेथील स्त्रियांचे प्रमुख एकेरी अजिंक्यपद जिंकले. जपानी प्रेक्षक त्यांना घाबरत असत. याच रोंडा सिंग यांना १९९५ मध्ये अमेरिकेत ‘बर्था फे’ बनवण्यात आले. भडक रंगाचे कपडे, गाडीतील स्वस्त घरांच्या वस्तीत राहणारी बाई आणि सोबत किरकोळ अंगाचा प्रियकर, असे ते पात्र होते. त्या वर्षीच्या ‘समरस्लॅम’मध्ये त्यांनी स्त्रियांचे अजिंक्यपद जिंकले, पण विजयही विनोद म्हणूनच सादर झाला. देह तोच, कसब तेच; देश बदलताच भय जाऊन हसू आले. २००१ मध्ये वयाच्या ४० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

याहून बोलके उदाहरण मिकी जेम्स यांचे आहे, कारण त्या कोणत्याही वैद्यकीय अर्थाने स्थूल नव्हत्या. २००९ च्या अखेरीस मिशेल मॅककूल आणि लेला या दोन मल्लांनी त्यांना ‘पिगी’ म्हणजे डुकरीण म्हणून चिडवण्याची कथा आठवड्यामागून आठवडे दाखवली गेली. त्यांच्यावर खाद्यपदार्थ ओतण्यात आले, डुकराचे सोंग आणून त्यांची नक्कल करण्यात आली. ३१ जानेवारी २०१० रोजी ‘रॉयल रंबल’मध्ये मिकी जेम्स यांनी काही सेकंदांत अजिंक्यपद जिंकून सूड घेतला, असा कथेचा शेवट होता. छळ करणारे अखेर हरतात, असा बोध त्यातून निघतो हे खरे. परंतु शेवट काही सेकंदांचा आणि छळ काही आठवड्यांचा, हे प्रमाण लक्षात घेतले पाहिजे. एप्रिल २०१० मध्ये त्यांचा करार संपुष्टात आणला गेला. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०११ मध्ये, याच संस्थेने शाळांतील छळवणुकीविरुद्ध ‘बी अ स्टार’ ही मोहीम सुरू केली.

जून २००९ मध्ये विकी गरेरो यांना डुकरांच्या खुराड्यात, चिखलात लढत द्यावी लागली होती. म्हणजे एका वर्षाच्या आत दोन स्त्रियांच्या कथांत डुक्कर हेच रूपक वापरले गेले. त्या काळात स्त्री मल्लांना अधिकृतपणे ‘दिवा’ म्हटले जात असे. हा शब्द एप्रिल २०१६ मध्ये वगळण्यात आला. तरीही साचा पूर्ण मोडला नाही. स्कॉटलंडच्या पायपर निव्हन या युरोपात प्रतिष्ठा मिळवलेल्या मल्ल होत्या. २०२१ मध्ये त्यांना मुख्य कार्यक्रमात आणताना ‘डूड्रॉप’ असे बालिश नाव देण्यात आले आणि एका मॉडेलसारख्या दिसणाऱ्या मल्लाची साहाय्यक बनवण्यात आले. २०२३ मध्ये त्यांना आपले आधीचे नाव परत मिळाले.

तुलनात्मक विचार : ब्रिटन आणि जपान :

हे साचे निसर्गनियम नाहीत, हे अन्य देशांकडे पाहिल्यावर कळते. ब्रिटनमध्ये १९७० व १९८० च्या दशकांत शर्ली क्रॅबट्री हे ‘बिग डॅडी’ या नावाने शनिवार दुपारच्या दूरचित्रवाणीचे सर्वांत लाडके नायक होते. त्यांचे प्रतिस्पर्धी ‘जायंट हेस्टॅक्स’ म्हणजे गवताची भली मोठी गंजी. नायक आणि खलनायक दोघेही स्थूल असल्यामुळे मेद हा दुर्गुणाचा पुरावा राहिला नाही. तथापि तेथेही देहाची किंमत चुकली नाही. ऑगस्ट १९८७ मध्ये ग्रेट यार्मथ येथे बिग डॅडी यांनी अंगावर झेप घेतल्यानंतर माल कर्क हे मल्ल मरण पावले. त्यांना आधीपासून हृदयविकार असल्याचे निष्पन्न झाले.

जपानमध्ये १९८० च्या दशकात डंप मात्सुमोतो या स्थूल देहाच्या स्त्री मल्लाने खलनायिका म्हणून अपूर्व लोकप्रियता मिळवली. ऑगस्ट १९८५ मध्ये ओसाका येथे त्यांनी चिगुसा नागायो यांना हरवून, ठरल्याप्रमाणे भर रिंगणात त्यांचे मुंडन केले तेव्हा प्रेक्षागृहातील शाळकरी मुली रडत होत्या. त्या रडल्या, हसल्या नाहीत. हा फरक महत्त्वाचा आहे. तेथे स्थूल स्त्री भयप्रद होती, हास्यास्पद नव्हती. मात्सुमोतो यांच्या जीवनावर २०२४ मध्ये एक मालिकाही प्रदर्शित झाली. भय हा काही आदर नव्हे. परंतु ज्याचे भय वाटते त्याची दखल घ्यावी लागते.

अपवाद आणि त्यांचे महत्त्व :

अमेरिकेतही साचा मोडणारे मल्ल झाले. डस्टी रोड्स हे नळकारागिराचे पुत्र. सुटलेले पोट, अंगावर डाग, बोलण्यात तोतरेपणाकडे झुकणारी लय. याच देहाला त्यांनी श्रमिकाचा देह म्हणून लोकांपुढे ठेवले. १९८५ मधील त्यांच्या एका गाजलेल्या भाषणात बेकार झालेल्या गिरणी व मोटार कामगारांच्या हलाखीचा उल्लेख होता. त्या भाषणामुळे त्यांचा आकार हा दोष न राहता कामगारांशी असलेला दुवा बनला. ते तीन वेळा राष्ट्रीय कुस्ती संघटनेचे जागतिक अजिंक्यवीर ठरले. तेच रोड्स १९८९ मध्ये वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनमध्ये आले तेव्हा मात्र त्यांना पिवळ्या ठिपक्यांचा पोशाख घालून नाचावे लागले.

मिक फोली यांनी जानेवारी १९९९ मध्ये आणि केव्हिन ओवेन्स यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च पद मिळवले. दोघांचाही देह नायकाच्या ठरावीक मापात बसणारा नव्हता. या उदाहरणांतून दोन गोष्टी सिद्ध होतात. प्रेक्षकाला घोटीव देहच हवा असतो, हा व्यवस्थापनाचा समज खरा नाही. आणि ज्याला स्वतःच्या शब्दांत बोलण्याची संधी मिळते तोच साचा मोडू शकतो. कमालाला बोलू दिले नाही, रोड्स बोलले; फरक तेथे आहे.

भारतीय संदर्भ :

भारतीय प्रेक्षकाला हा प्रकार केबल वाहिन्यांमुळे प्रथमच कळला असे नाही. १९५० व १९६० च्या दशकांत दारासिंग आणि हंगेरीत जन्मलेले, अवाढव्य देहाचे ‘किंगकाँग’ एमिल झाया यांच्या ‘फ्री स्टाइल’ लढती गाजल्या होत्या. परदेशी अवाढव्य देह आणि देशी पिळदार देह ही योजना तेथेही होतीच. केवळ देशाची बाजू बदलली होती.

१९९० च्या दशकात दूरचित्रवाणीवरील कुस्ती घराघरांत पोचली आणि तिच्याबरोबर पत्तेही आले. महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनी त्या काळात खेळलेल्या या पत्त्यांवर मल्लाचे चित्र व खाली उंची, वजन, छाती, दंड यांची मापे छापलेली असत. ज्याचा आकडा मोठा तो दुसऱ्याचा पत्ता जिंकत असे. वजनाच्या रकान्यात योकोझुनाचा पत्ता हाती असणे म्हणजे विजय निश्चित. हाच खेळ संपवून वर्गात गेलेली मुले आपल्या जाड सहाध्यायाला मात्र मल्लाच्या नावाने चिडवीत. पत्त्यावरील आकडा हवासा आणि बाकावरील देह नकोसा, ही फारकत क्रीडारंजनाने निर्माण केली नसेल. पण तिला नावे आणि चित्रे पुरवली, हे नाकारता येत नाही.

‘द ग्रेट खली’ या नावाने प्रसिद्ध झालेले दलीपसिंग राणा यांची वाटचालही याच मार्गाने झाली. हिमाचल प्रदेशातील एका खेड्यातून आलेले, पंजाब पोलिसांत नोकरी केलेले राणा एप्रिल २००६ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर अवतरले ते राक्षस म्हणून. जुलै २००७ मध्ये ते अजिंक्यवीर झाले. पुढच्याच वर्षापासून त्यांना प्रेक्षकांतील स्त्रियांचे चुंबन घेणारा ‘पंजाबी प्लेबॉय’ बनवण्यात आले. एवढ्या मोठ्या देहाचा प्रणय हाच मुळात विनोद, हे त्यामागचे गृहीतक होते. राणा यांनाही आंद्रे यांच्याप्रमाणे अ‍ॅक्रोमेगली होती. २०१२ मध्ये त्यांच्यावर ग्रंथीतील गाठ काढण्याची शस्त्रक्रिया झाली. भारतात त्यांच्या उंचीचा अभिमान बाळगला गेला. तो अभिमान एका आजाराचाही होता, याची चर्चा फारशी झाली नाही.

आरोग्य, करार आणि कायदा :

‘हे तर नाटक आहे’, असा युक्तिवाद या प्रकाराच्या समर्थनार्थ नेहमी केला जातो. नाटकातील खलनायक पडदा पडताच वेश उतरवतो. क्रीडारंजनातील स्थूल मल्लाला आपला वेश उतरवता येत नाही, कारण देह हाच त्याचा वेश असतो. भूमिका काल्पनिक असली तरी रक्तदाब, मधुमेह आणि गुडघे काल्पनिक नसतात. कमालाची भूमिका करणारे हॅरिस यांना मधुमेहामुळे दोन्ही पाय गमवावे लागले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९८५ ते २०११ या काळातील व्यावसायिक मल्लांच्या मृत्यूंची पाहणी करण्यात आली. ४५ ते ५४ या वयोगटातील मल्लांचा मृत्युदर अमेरिकेतील त्याच वयाच्या सामान्य पुरुषांच्या २.९ पट असल्याचे आढळले; हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण विशेष जास्त होते. हे सर्व मृत्यू वजनामुळे झाले असे म्हणणे चुकीचे ठरेल. औषधे, स्टेरॉइड, सततचा प्रवास व जुन्या दुखापती यांचाही वाटा त्यात आहे. पिळदार देहाचे मल्लही त्यात आहेत. यावरून एवढेच म्हणता येते की टोकाच्या आकाराची मागणी करणारा व्यवसाय दोन्ही प्रकारच्या देहांना झिजवतो. एडी गरेरो यांच्या नोव्हेंबर २००५ मधील निधनानंतर, फेब्रुवारी २००६ मध्ये वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंटने औषध चाचणी व हृदयतपासणीचा समावेश असलेले आरोग्य धोरण लागू केले. ही सुधारणा महत्त्वाची असली तरी ती देहाच्या आतली तपासणी करते. देहाविषयी रिंगणात काय बोलले जाते त्याची नाही.

कायद्याचे संरक्षणही अपुरे आहे. अमेरिकेत मिशिगन राज्याने १९७६ च्या नागरी हक्क कायद्यात वजन व उंची यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. न्यूयॉर्क शहराने असा कायदा २०२३ मध्ये केला. बहुसंख्य राज्यांत असे स्पष्ट संरक्षण नाही. शिवाय मल्लांना या व्यवसायात कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानण्याची प्रथा आहे. त्यामुळे नोकरदाराला मिळणाऱ्या अनेक हक्कांपासून आणि आरोग्यविम्यापासून ते वंचित राहतात. ज्याचा देह विकला जातो, त्या देहाच्या देखभालीचा भार त्याच्यावरच पडतो.

निष्कर्ष :

१. क्रीडारंजनातील शरीरभारविषयक भेदभाव हा प्रवेश नाकारण्याच्या स्वरूपाचा नसून भूमिका आकुंचित करण्याच्या स्वरूपाचा आहे. स्थूल देहाला काम मिळते, चरित्र मिळत नाही.
२. राक्षसाकडून विदूषकाकडे होणारा उतार हा या भूमिकांचा स्थायी क्रम आहे. योकोझुना आणि खली यांच्या वाटचालीत तो स्पष्ट दिसतो.
३. वजनाचा साचा एकटा वावरत नाही. वंश, वर्ग आणि लिंगभाव यांच्या साच्यांशी जोडला गेल्यावर त्याची धार वाढते.
४. स्त्रियांच्या बाबतीत ‘जादा वजन’ ही वैद्यकीय बाब न राहता शिस्त लावण्याचे साधन होते. मिकी जेम्स यांचे उदाहरण हे दाखवते.
५. ब्रिटन व जपान यांच्या तुलनेवरून हे साचे बदलू शकतात हे सिद्ध होते. बदल प्रेक्षकाच्या अभिरुचीमुळे अडलेला नसून निर्मात्यांच्या सवयीमुळे अडलेला आहे.

समारोप :

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात जड मल्ल उतरला तर प्रेक्षक प्रथम त्याचा खुराक, त्याची तालीम आणि त्याचा वस्ताद यांची चौकशी करतात. म्हणजे देहामागचा माणूस आणि त्याची मेहनत विचारतात. क्रीडारंजनाने हा प्रश्न विचारणे सोडून दिले आणि केवळ आकडा जाहीर करणे चालू ठेवले. रॉडनी अनोआई यांनी वयाच्या सव्विसाव्या वर्षी जगातील सर्वांत प्रसिद्ध अजिंक्यपद मिळवले आणि चौतिसाव्या वर्षी परदेशातील एका हॉटेलच्या खोलीत त्यांचा अंत झाला. या आठ वर्षांत त्यांचे वजन असंख्य वेळा जाहीर झाले. त्यांचे खरे नाव मात्र बहुसंख्य प्रेक्षकांना त्यांच्या मृत्यूनंतर कळले.